बिघाडांची पेटी

बँकेच्या नोकरीत माणूस एक गोष्ट शिकतो, ती म्हणजे तफावत वाईट. दिवसअखेर रोकड दहा रुपयांनी कमी भरली तर वाईट, हे कुणालाही पटेल. पण दहा रुपयांनी जास्त भरली तरी तितकंच वाईट, हे पटायला बी.कॉम. व्हावं लागतं. तफावत शोधायची, मिटवायची, तिच्याखाली सही करायची आणि मग घरची लोकल पकडायची, यात माझी बावीस वर्षं गेली. त्यामुळे गेल्या ऐंशी-नव्वद वर्षांतले निवडक बिघाड, गफलती आणि तफावती नंबर घालून एका पेटीत भरलेल्या मिळतात, आणि लोक ती पेटी रोख पैसे मोजून विकत घेतात, हे समजल्यावर मी काही दिवस अस्वस्थ होतो.

पेटी म्हटल्यावर काहींच्या डोळ्यांपुढे हार्मोनियम उभी राहिली असेल. तिला खाली बसवावी. ही पेटी पोळीच्या डब्याएवढी. जमिनीवर ठेवायची आणि पायाने दाबायची. इलेक्ट्रिक गिटारची किंवा तशाच एखाद्या विजेच्या वाद्याची वायर हिच्या एका कानातून आत जाते आणि दुसऱ्या कानातून बाहेर पडून अॅम्प्लिफायरकडे जाते. (आमच्या घरीही माझ्या बोलण्याचा प्रवास असाच होतो, फरक इतकाच, की पेटी मधल्या मधे त्या आवाजाचं काहीतरी करते.) शास्त्रशुद्ध नाव मल्टि-इफेक्ट्स पेडल. आमच्या घाटकोपरला भटवाडीत तिला कुणी प्रोसेसर म्हणतं, कुणी नुसतं पेडल.

आता भटवाडीचा आणि इलेक्ट्रिक गिटारचा काय संबंध, असं विचाराल तर फारसा नाही. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत गिटार वाजवणारा मुलगा शोधायचा तर कॉलेजात जावं लागतं. बेंजो वाजवणारा शोधायचा तर नुसतं खिडकीत उभं राहावं. दहीहंडी जवळ आली की तो आपण होऊन खालून जातो. हातगाडीवर किंवा टेम्पोवर जनरेटर, भोंगे, ऑक्टोपॅडवाला, ढोलवाले, आणि मधोमध मांडी घालून बसलेला बेंजोमास्तर.

बेंजो हे नावसुद्धा एक गफलतच. अमेरिकेतला बँजो म्हणजे डफाला दांडा लावून तारा ताणलेलं वाद्य. आमचा बेंजो त्याचा लांबचा चुलतभाऊही लागत नाही. आमच्या बेंजोचं मूळ गाव नागोया, जिल्हा जपान. १९१२ साली मोरिता गोरो नावाच्या गृहस्थाने एका लाकडी खोक्यावर तारा ताणल्या आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. त्याच वर्षी जपानात तैशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचं नाव तैशोगोतो. ते समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आलं आणि आपण त्याचं नाव हौसेने बुलबुल तरंग ठेवलं. पुढे बुलबुलला विजेची वायर जोडली आणि त्याचा बेंजो झाला. आमच्या बँकेतले टाइपरायटर केव्हाच भंगारात गेले. हा एवढा एक टाइपरायटर अजून नोकरीत टिकून आहे आणि त्याला हंगामात ओव्हरटाइमही मिळतो.

पण या वाद्याची दोन दुखणी आहेत. पहिलं म्हणजे तार छेडली की सूर उमटतो आणि लगेच मरतो. घरातल्या घरात हे गोड वाटतं. लालबहादूर शास्त्री मार्गावर, मागे बेस्टची बस आणि पुढे ताशा असताना, मरत्या सुराला कोण विचारतो? सनईवाला दम पुरेल तोवर सूर धरतो, व्हायोलिनवाला गज सरेल तोवर; छेडणाऱ्याला ती सोय नाही. दुसरं दुखणं कळांचं. कळा ठरलेल्या जागी बसवलेल्या, त्यामुळे 'सा'वरून 'रे'वर जायचं तर पायरी चढूनच जावं लागतं, घसरत जाणं कठीण. आणि आपलं निम्मं संगीत तर घसरण्यात आहे!

या दोन्ही दुखण्यांवरची औषधं पेटीत आहेत, आणि ती कुठल्याही वैद्याने शोधलेली नाहीत. ती सांडलेली आहेत.

पहिलं औषध सांडलं १९६० साली, अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात. मार्टी रॉबिन्स नावाच्या गायकाचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. ग्रेडी मार्टिन बास गिटार वाजवत होता आणि त्याची वायर मिक्सरच्या ज्या चॅनलला जोडली होती, तो चॅनल नेमका बिघडला. सुरेल गिटारीतून सायलेन्सर फुटलेल्या रिक्षासारखी घरघर यायला लागली. हे आमच्या शाखेत घडलं असतं तर त्या चॅनलला मेमो गेला असता. तिथल्या मंडळींनी ती घरघर तशीच ठेवली. १९६१ मध्ये गाणं निघालं आणि चाललं. लोक विचारू लागले, की हा आवाज काढलात कसा? तेव्हा ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तो बिघाड मुद्दाम घडवून आणणारं सर्किट जुळवलं आणि १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने 'माएस्ट्रो फझ-टोन' नावाने ते पायपेटीत घालून विकायला काढलं. पुढची दोन-तीन वर्षं गिऱ्हाईक फिरकेना. मग १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्यात ती वापरली आणि दुकानांतला माल संपला.

या घरघरीमागचं तत्त्व मला बँकेच्या भाषेत चांगलं समजतं. आवाजाची लाट एका ठरावीक मर्यादेच्या वर गेली की तिचा माथा छाटायचा. माथे छाटल्यावर जोराचा सूर आणि मंदावलेला सूर जवळजवळ एकाच उंचीचे दिसतात, म्हणून मरायला टेकलेला सूरही बराच वेळ धडधाकट वाटतो. इंग्रजीत याच कुळातल्या एका प्रकाराला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. ओव्हरड्राफ्टवर चालणारी कित्येक दुकानं मी पाहिली आहेत. तीही अशीच, शिल्लक संपल्यावर बराच काळ धडधाकट वाटतात. बेंजोला मात्र या औषधाने खरोखर गुण आला. छेडलेली तार सनईसारखी लांब बोलू लागली.

दुसरं औषध तर काटकसरीतून निघालं, आणि इथे माझ्यातला कॉमर्सचा पदवीधर उभा राहून टाळ्या वाजवतो. १९६६ मध्ये थॉमस ऑर्गन ही कंपनी अमेरिकेत व्हॉक्सचे अॅम्प्लिफायर बनवत होती. त्यातला एक स्विच महाग पडत होता. तो काढून त्याजागी साधं फिरवायचं बटण बसवता येईल का, हे ब्रॅड प्लंकेट नावाचा तरुण इंजिनिअर तपासत होता. बटण फिरवल्यावर आवाज तोंड उघडून मिटल्यासारखा 'वाऽ-वाऽ' करू लागला. मग ऑर्गनचं पायाने दाबायचं पेडल आणून त्यात ते सर्किट बसवलं आणि १९६७ मध्ये वाह-वाह पेडल बाजारात आलं. आमच्या हेड ऑफिसनेही काटकसर पुष्कळ केली. पंखे कमी केले, चहा बंद केला. पण त्यातून कुणी 'वाहवा' म्हटल्याचं ऐकिवात नाही. बेंजोवाल्याला याचा उपयोग असा, की कळ बदलताना पाय दाबला म्हणजे सूर पायरी चढला तरी कानाला घसरल्यासारखा वाटतो.

प्रतिध्वनीचं औषध त्याहून जुनं. आवाज टेपवर भरायचा आणि थोडं पुढे दुसऱ्या हेडवर तोच वाजवायचा. मधल्या अंतराएवढा उशीर म्हणजे प्रतिध्वनी. लंडनच्या चार्ली वॉटकिन्सने १९५८ मध्ये 'कॉपीकॅट' नावाचं असं यंत्र काढलं. यातली गंमत अशी, की उशिरा आलेला आवाज थोडा कमी करून पुन्हा टेपवर सोडतात, तो पुन्हा उशिरा येतो, पुन्हा कमी होतो. म्हणजे मागील पानावरून पुढे आणलेली शिल्लक! शेकडा साठ पुढे नेली तर आवाज विरत जातो. शेकडा शंभराच्या वर नेली तर तो चक्रवाढ व्याजासारखा फुगतो आणि मांडवातले लोक कानांवर हात ठेवतात. मोठ्या दालनाचा घुमारा मात्र स्प्रिंगमधून आला. दूरच्या टेलिफोनवर आवाज उशिरा पोचतो त्याचा अभ्यास करायला बेलच्या प्रयोगशाळेत जी स्प्रिंग केली, ती हॅमंडने आपल्या ऑर्गनमध्ये बसवली.

आणि कोरस. एकाच सुराची दुसरी प्रत काढायची, तिला किंचित उशीर करायचा, किंचित बेसूर करायची आणि मूळ सुरात मिसळायची. आवाज एकदम भरदार होतो. जपानच्या बॉस कंपनीने १९७६ मध्ये याची पेटी काढली. हे मला समजावून सांगायला कुणी लागलं नाही. आमच्या सोसायटीत गणपतीत दहा दिवस चाळीस माणसं आरती म्हणतात. एकही दुसऱ्याबरोबर नसतो, वरच्या पट्टीतले जोशीकाका खालच्या पट्टीतल्या बायकांच्या अर्धी ओळ पुढे असतात, आणि तरी लांबून ऐकणाऱ्याला वाटतं, काय सुंदर आरती चालली आहे!

१९७७ पासून बॉसने छोट्या छोट्या पेट्या काढायला सुरुवात केली. घरघरीची वेगळी, कोरसची वेगळी. पाच परिणाम हवे तर पाच पेट्या, पाच बॅटऱ्या, सहा वायरी. ऐन रंगात त्यातली एक वायर सुटली की पाचही जणी गप्प. (एकत्र कुटुंबात हेच होतं.) १९८८ मध्ये त्याच कंपनीने एमई-५ काढून सगळ्यांना एका छपराखाली आणलं. पुढे चिप स्वस्त झाली आणि नव्वदच्या दशकात टोकियोच्या झूम कंपनीची ५०५ नावाची, दोन पायकळांची आणि दोन लाल आकड्यांची पेटी आली, तेव्हा ही चैन मध्यमवर्गाच्या टप्प्यात आली. आता आत टेप नाही, स्प्रिंग नाही, बिघडलेला चॅनलही नाही. आत फक्त आकडेमोड. आवाजाचं दर सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घ्यायचं आणि त्या आकड्यांची बेरीज, गुणाकार, छाटणी, पुढे-ओढणी करून ते परत आवाज म्हणून सोडायचे. थोडक्यात, पेटीच्या आत एक कारकून बसला आहे. त्याला चहासुद्धा लागत नाही.

यावर आमचे एक शेजारी, जे गायनाच्या दोन परीक्षा उत्तीर्ण आहेत, म्हणतात, "हे सगळं नकली!" मी त्यांना 'नागिन'ची आठवण देतो. १९५४ सालच्या त्या चित्रपटातली पुंगी ऐकून थिएटरात नाग येतात, अशी वदंता आमच्या आजोबांच्या पिढीत होती. ती पुंगी नव्हतीच. ते फ्रान्समध्ये काँस्तां मार्तँ यांनी १९४७ मध्ये तयार केलेलं क्लॅव्हियोलाइन नावाचं विजेचं वाद्य होतं. संगीत हेमंतकुमारांचं आणि वाजवणारे कल्याणजी वीरजी शहा, म्हणजे पुढे आनंदजींसह जोडीने गाजलेले कल्याणजी. आज कुठल्याही वरातीत ती धून वाजल्याशिवाय नवरामुलगा पुढे सरकत नाही. पुंगीची नक्कल फ्रेंच यंत्राने केली, त्या यंत्राची नक्कल जपानी टाइपरायटर जपानी पेटीतून करतो, आणि समोर तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळणारा नवऱ्याचा मामा नागाची नक्कल करतो. यात अस्सल शोधायचं कुठे? मामाचा पँटला लागलेला चिखल तेवढा अस्सल.

परवा-परवापर्यंत ही सगळी माहिती मला नव्हती. ती मिळवावी लागली, कारण गेल्या वर्षी जूनमध्ये एक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा माझ्या काउंटरपाशी उभा राहिला.

"साहेब, मुद्रा लोन पायजे."

"कशासाठी?"

"पेडलसाठी."

मी त्याला मॅनेजरबाईंपुढे नेलं. बाईंनी अर्ज पाहिला. पेडल, अॅम्प्लिफायर आणि बेंजोची दुरुस्ती मिळून अठ्ठेचाळीस हजार. मुद्रा योजना २०१५ पासून आहे आणि तिच्या 'शिशु' गटात पन्नास हजारांपर्यंत तारण लागत नाही; पण खुलासा लागतो.

"सायकलच्या पेडलला एवढे?" बाई म्हणाल्या.

"सायकलचं नाय मॅडम, बेंजोचं."

"फेडणार कशातून?"

"ह्या सीझनला अकरा सुपाऱ्या आहेत."

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, वॉचमन जागेवर आहे का. मला मधे पडून सांगावं लागलं, की वाजवायला बोलावण्याचा विडा म्हणजे सुपारी. यात कुणाच्या जिवाला धोका नाही, कानाला असलाच तर थोडा.

मग मुलगा बोलू लागला. बेंजो मूळ वडिलांचा. वडील कुर्ल्याच्या एका कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा वॉचमन झाले आणि रात्रपाळीमुळे बेंजो मुलाकडे आला. पार्टीत एकूण नऊ जण. दहीहंडी, गणपती, नवरात्र, मग लग्नसराईत गोराई-वर्सोव्याकडच्या कोळीवाड्यांतल्या हळदी. अंधेरीच्या राजाचं विसर्जन अनंत चतुर्दशीला न होता संकष्टीला होतं, त्यामुळे उपनगरातल्या वाजवणाऱ्यांना आणखी एका दिवसाची आशा असते. उरलेल्या महिन्यांत तो कुरिअरची पाकिटं वाटतो. जुनं पेडल मागच्या विसर्जनाला पावसाने गेलं, आणि पेडल नसलेला बेंजो मंडळवाले ऐकून घेत नाहीत. "म्हणतात, असा किणकिणणारा नको, त्यापेक्षा डॉल्बी लावतो."

डॉल्बी! या शब्दावर तर वेगळा लेख होईल. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आवाजातला गोंगाट घालवायला ज्याने हयात वेचली, त्याचं नाव महाराष्ट्राने ट्रकवर रचलेल्या स्पीकरांच्या भिंतीला दिलं! ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५; रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि सणासुदीला वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट. या आकड्यांपुढे बेंजो निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या सौ.चं मत तर दोन्ही बंद करा असंच आहे, आणि ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांचंही तेच असणार. पण मला हिशेबात एक फरक दिसतो. भिंतीमागे एक लॅपटॉप आणि एक माणूस असतो. टेम्पोवर नऊ असतात, त्यांना घाम येतो, ते चुकतात आणि मिरवणूक वळणावर अडली की तिच्याकडे बघून चाल बदलतात. एका पेटीच्या जोरावर नऊजण त्या भिंतीसमोर उभे राहतात, हे मला फायद्यात वाटतं. नफातोट्याच्या पत्रकात ते कुठल्या रकान्यात टाकायचं हे कुणी शिकवलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मी बाईंना नोट लिहून दिली. 'यंत्र की वाद्य' या रकान्यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी बाईंनी विचारलं, "हे नेमकं करतं काय?" मी म्हटलं, "मॅडम, चांगला आवाज बिघडवतं." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सही केली. त्यांचं माहेर गिरगावातलं, हे मला नंतर कळलं.

कर्ज दिलं की मालमत्तेची तपासणी आली. शाखेत माणसं कमी, म्हणून बाईंनी ते काम माझ्यावर सोपवलं. पार्टीचा तो मुलगा घरी सापडेना. भाद्रपदात बेंजोवाला घरी सापडायचा नाहीच. तेव्हा मी फॉर्म खिशात घालून अनंत चतुर्दशीच्या संध्याकाळी सरळ शास्त्री मार्गावरच गेलो. पवईच्या तलावाकडे निघालेल्या मूर्तींची रांग लागली होती. पाऊस भुरभुरत होता, गुलाल चिखलात मिसळला होता आणि त्या गर्दीत मी छत्री, चष्मा आणि बँकेचं हित सांभाळत टेम्पोपर्यंत पोचलो.

"साहेब!" मुलगा वरून ओरडला. "तुम्ही पण नाचायला?"

"तपासणी!" मी ओरडलो.

त्याने मान हलवली. बहुधा त्याला 'नागीण' ऐकू आलं, कारण त्याने पाय दाबला आणि तेच सुरू केलं. टेम्पोची फळी माझ्या डोक्याच्या वर होती. पेटी त्याच्या पायाशी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, तिच्यावर हारांचा ढीग. मला दिसली ती फक्त पिशवीची गाठ. पण तार छेडल्यावर सूर मेला नाही. तो ताशावरून, बसच्या हॉर्नवरून, समोरच्या चौकातल्या भिंतीच्या धडधडाटावरून लांबत गेला, घसरला, पुन्हा वर आला. माझ्या शेजारचे एक वयस्क गृहस्थ, गळ्यात टॉवेल, हातात प्रसादाची पिशवी, एकदम रस्त्यावर आडवे झाले आणि फणा काढून डोलू लागले. मी छत्री मिटली.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला बसलो. 'मालमत्ता प्रत्यक्ष पाहिली काय?' या प्रश्नापुढे लिहिलं, 'नाही. ऐकली.' 'सद्यःस्थिती' या रकान्यात जागा थोडी होती. तिथे लिहिलं, 'चालू स्थितीत, समाधानकारक रीतीने बिघडलेली,' आणि खाली तारखेसह सही केली.